दर दोन तासांनी कूस कोण बदलणार?

पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला सरकारी योजना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेते आणि तिथून थोड्याच अंतरावर त्याचा हात सोडते. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात, पण घरी सोडल्यानंतरचा खर्च फक्त १५ दिवसांचा. मज्जारज्जूला कायमची इजा झालेल्या माणसाची खरी कसोटी सोळाव्या दिवशी सुरू होते आणि ती आयुष्यभर चालते. हे आयुष्य कोणाच्या श्रमावर उभे राहते, हा प्रश्न आपण जातिअंताच्या चळवळीत पुरेसा विचारलेला नाही.

मज्जारज्जू जिथे दुखावतो त्याच्या खालची हालचाल जाते, स्पर्श जातो आणि लघवी-संडासवरचा ताबाही जातो. दुखत नाही म्हणून माणूस एकाच कुशीवर पडून राहतो. मग माकडहाडावर, टाचेवर जखम होते आणि ती हाडापर्यंत पोहोचते. म्हणून अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. दिवसातून चार-सहा वेळा नळीने लघवी काढावी लागते. पोट साफ व्हायला मदत लागते. यात खंड पडला की जखम चिघळते, मूत्रपिंडाला संसर्ग होतो. अपघातातून वाचलेली माणसे पुढे अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी दगावतात.

हे टाळता येते, हे जगाला फार पूर्वी कळले आहे. नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात असाच विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण थोड्या दिवसांचे सोबती समजले जात. कूस बदलणे, लघवीची काळजी, व्यायाम, खेळ आणि काम एवढ्यावर ते जगू लागले. पॅरालिम्पिकची सुरुवातही तिथूनच झाली. आपल्याकडे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली निकामी झालेले सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक आणले. पुण्यात खडकीला अशा जवानांसाठी वेगळे पुनर्वसन केंद्र आहे. ते असायलाच हवे. पण त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते: काय करावे लागते हे सरकारला ठाऊक आहे. परांचीवरून पडलेल्या मजुरासाठी तेच करायचे नाही, हा निर्णय आहे.

या देशात मज्जारज्जूच्या इजेची दोन मोठी कारणे म्हणजे रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे. उंचावर कोण चढते? सेंटरिंगचे, प्लास्टरचे काम करणारे, विजेच्या खांबावर चढणारे कंत्राटी कामगार. ताडा-माडावर चढण्याचे काम तर जातींनाच वाटून दिलेले होते: तेलंगणात गौड, तामिळनाडूत नाडर, बिहारमध्ये पासी, कोकणात भंडारी. जात म्हणजे श्रमिकांचीच विभागणी, असे बाबासाहेबांनी सांगितले. त्या विभागणीत धोक्याचीही विभागणी आहे. २०११ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर आहे, कल्याणकारी मंडळे आहेत. पण मंडळाचे लाभ नोंदणी असलेल्यालाच मिळतात आणि नोंदणीसाठी मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. नाक्यावर रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाणाऱ्या माणसाने तो कोणाकडून आणायचा?

आता काळजीचे काम बघू. संशोधनाच्या निमित्ताने मी सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत बसते. तिथे काम वरून खाली सरकताना दिसते. डॉक्टर तपासून पुढे जातात. नर्स इंजेक्शन देते, ड्रेसिंग करते. अंग पुसणे, भांडे देणे, घाण काढणे हे मावशीचे काम, आणि मावशी बहुधा कंत्राटी, बहुधा दलित. एका मावशीच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो, म्हणून तेच काम शेवटी नातेवाइकांवर येते. त्यातही पुरुष नातेवाईक औषधे आणायला खाली जातो आणि खाटेजवळ बायको, आई किंवा बहीण उरते. श्रेणीबद्ध विषमता समजायला पुस्तक उघडावे लागत नाही. एका खाटेभोवती ती पूर्ण दिसते. ज्या कामाने माणूस जगतो ते सर्वांत हलके मानले जाते आणि त्याचे दाम सर्वांत कमी असते.

घरी गेल्यावर हिशेब आणखी सरळ होतो. एकाचा कणा मोडला की दोघांची मजुरी बुडते, पडलेल्याची आणि त्याला सांभाळणाऱ्याची. सांभाळणारी मुलगी असेल तर तिचे कॉलेज सुटते. तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. आपल्या घरांत विमा नसतो. ज्याला पहिली नोकरी लागते तोच घराचा विमा असतो.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा अपंगांना किमान २५ टक्के जास्त मदत द्यावी, असेही तेच कलम सांगते. प्रत्यक्षात इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपये आहे. तोही दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना. राज्ये आपापली भर घालतात, पण पायाच तीनशेचा. नाव ‘दिव्यांग’ ठेवायला पैसे पडत नाहीत.

काळजीचे मोल काढता येत नाही, असे कोणी म्हणेल तर न्यायालयाने ते काढलेले आहे. रस्त्यावरच्या अपघाताने पूर्ण परावलंबी झालेल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन मदतनिसांचे प्रत्येकी महिना ५ हजार रुपये धरले आणि १८ ने गुणून एवढ्याच एका कारणासाठी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. गाडीने उडवले तर मदतनिसाचा असा हिशेब होतो. माडावरून पडले तर तोच हिशेब होत नाही, कारण समोर विमा कंपनी नसते.

केरळने एक पाऊल उचलले आहे. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिना ६०० रुपये मिळतात. २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरण आणले आणि गावोगावच्या गटांमार्फत परिचारिका घरी जाऊ लागल्या. कमरेखाली निकामी झालेल्यांनाही त्याचा आधार मिळतो. सहाशे रुपये फारच थोडे आहेत, पण घरातल्या बाईचे काम हे काम आहे, एवढे तरी त्यातून सरकारने मान्य केले.

‘आपल्या संस्कृतीत घरचे लोक प्रेमाने करतात’, असे यावर ऐकवले जाते. प्रेम असतेच. पण सलग दहा वर्षे रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला प्रेमाबरोबर झोपही लागते, आणि झोप हवी तर दुसरा माणूस लागतो. तो दुसरा माणूस स्वस्तात मिळावा, ही मागणी मात्र आपण करू नये. अपंग व्यक्तीचे स्वातंत्र्य मावशीच्या तुटपुंज्या पगारावर उभे राहणार असेल, तर आपण एका खाटेवरची गुलामी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो आहोत. भत्ता, प्रशिक्षित मदतनीस आणि त्याला किमान वेतन, सुटी, हातमोजे, सन्मान या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. आणि हे काम शिकण्यात पुरुषांनी, सवर्णांनीही हात घातला पाहिजे. जातीचे काम मोडायचे तर ते सगळ्यांचे करावे लागते.

सुरुवात आपल्याला करता येते. याच कायद्याच्या कलम ३८ नुसार किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या आणि जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसाठी दुसरी व्यक्ती किंवा संघटनाही अर्ज करू शकते. आपल्या विद्यार्थी संघटना शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात, जातपडताळणीसाठी खेटे घालतात. त्याच टेबलावर हा अर्जही ठेवा. आपल्या वस्तीत कोण अंथरुणावर आहे आणि त्याच्यासाठी कोण घरी बसले आहे, दोघांची नावे लिहून घ्या. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. असे अर्ज हातात असल्याशिवाय, काळजीवाहक भत्ता कुठे गेला, हा प्रश्न सरकारला विचारता येणार नाही.