लाल पानांचा पांढरा चीक

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी नांदेडचे एक निवृत्त मुख्याध्यापक डोळ्यावर ओला रुमाल धरून दवाखान्यात आले. दुपारी बोन्सायची छाटणी करताना त्यांनी हातानेच घाम पुसला होता. तासाभरात डोळा लालबुंद झाला. काकूंनी त्यात गाईचे तूप सोडले होते. डोळा धुता धुता मी विचारले, "सर, झाड कोणते?"

"लाल पानांचे, डॉक्टरसाहेब. शोभेचे."

ते झाड युफोर्बिया कॉटिनिफोलिया. मूळचे मेक्सिको व दक्षिण अमेरिकेकडचे. तिकडे त्याच्या विषारी चिकाने पूर्वी मासे पकडीत. आपल्या बांधावरच्या शेराच्याच कुळातले. शेराचा चीक डोळ्यात गेल्यास काय होते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. पण तोच भाऊबंद तांबूस, नाजूक पाने लेवून रोपवाटिकेतून घरी आला की ओळखू येत नाही.

झाड तसे गुणी आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या गच्चीवरही ते तग धरील. एकदा रुजले की पाणी बेताचेच लागते. ऊन मात्र भरपूर हवे, सावलीत पानांची लाली उतरते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत वाळू व शेणखत सढळ हाताने मिसळावे.

छाटणीला बसताना पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. उठल्यावर हात व कात्री साबणाने धुवावी. घरात रांगते नातवंड किंवा स्मृतिभ्रंश झालेले आजोबा असतील, तर हे झाड आणूच नये. अकॅलिफा लावावा, त्याचीही पाने तांबूस असतात, आणि असा पांढरा चीक नसतो.

चीक डोळ्यात गेलाच, तर स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली डोळा १५ ते २० मिनिटे सतत धुवावा. तूप, मध, गुलाबपाणी काहीही घालू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब तर मुळीच नकोत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. वेदना कधी काही तासांनी वाढतात, तेव्हा 'आता बरे वाटते' म्हणून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

सरांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटला होता. डोळा निवळायला आठवडा लागला. झाड अजून गच्चीवरच आहे. कात्रीशेजारच्या खिळ्याला काकूंनी सरांचा मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा अडकवून ठेवला आहे.