हुनर आहे, कागद नाही : दहावीनंतरच्या तांत्रिक शिक्षणाचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांकडे पालकांची वर्दळ सुरू होते. यंदा एका विद्यार्थ्याचे वालिद आले. म्हणाले, "सर, पोरगा सुट्टीत गॅरेजवर जातोय, काम येतंय त्याला. मग आयटीआयमध्ये दोन वर्षं कशाला घालवायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाने नको, हिशेबाने द्यायला हवे.

आपल्या मोहल्ल्यांत हुनर कमी नाही. मेकॅनिक, वेल्डर, एसी दुरुस्त करणारे, आपलीच मुले आहेत. कमी आहे तो कागद. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट भरतीला दहावीसोबत ठरलेल्या ट्रेडचा आयटीआय किंवा इंजिनिअरिंगची पदविका लागते. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय मागतात. वीस वर्षे उत्तम वायरिंग केलेला माणूस इथे फॉर्मच भरू शकत नाही. आखातात गेले तरी कागदाशिवाय बहुतेक वेळा हेल्पर म्हणूनच भरती होते.

दुसरी गोष्ट म्हणजे आयटीआय हा शेवट नव्हे. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. तिथे सीईटी नाही, पदविकेचे गुण पाहतात. ज्या घराला अकरावी-बारावीच्या क्लासची फी झेपत नाही, त्यांच्यासाठी इंजिनिअर होण्याचा हा खरा रस्ता आहे. आपल्या बुजुर्गांनी हे ओळखले होते. भायखळ्याची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था स्वातंत्र्यापूर्वीची आहे.

आता दुसरी बाजू. सर्टिफिकेट मिळाले म्हणजे नोकरी लागली, असे नाही. 1961 च्या कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळते, पण विद्यावेतन तुटपुंजे असते. गॅरेजवर त्याहून जास्त सुटतात म्हणून मुले मध्येच सोडतात. नेमकी इथेच आपली गाडी चुकते, कारण कंपनीतला अनुभव हीच पुढच्या नोकरीची ओळख असते.

प्रवेशाआधी कॉलेज स्वतः जाऊन पाहा. वर्कशॉपमधली यंत्रे चालू आहेत का? आयटीआयला एनसीव्हीटीची आणि पदविकेला राज्य तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता आहे का? गल्लीबोळातल्या 'टेक्निकल इन्स्टिट्यूट'चे रंगीत सर्टिफिकेट भरतीत चालत नाही.

मुलींबद्दलही बोलू. राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेत नसल्याने हक्क हातचा जातो. निकालाची वाट पाहू नका, दाखले आधीच काढून ठेवा.

त्या वालिदांना आम्ही एवढेच म्हणालो, "भाई, गॅरेज बंद करू नका. दिवसा आयटीआय, सुट्टीला गॅरेज. दोन वर्षांनी त्याच्या हातात हुनरही असेल आणि कागदही."

त्यांनी फॉर्म भरला आहे.