स्विस घड्याळं स्वस्त होतायत, पण अलिबागच्या पाण्यात कोणतं टिकेल?

शनिवारी सकाळी मांडवा जेट्टीवर थोडा वेळ उभं राहा आणि लोकांची मनगटं बघा. मुंबईहून फार्महाउसकडे निघालेल्या एखाद्या हातावर चामडी पट्ट्याचं, पातळ स्विस घड्याळ दिसेल. बोटीचा दोर ओढणाऱ्या हातावर काळं, जाडजूड कॅसिओ. दोघांच्या किमतीत पन्नास पटींचा फरक सहज असू शकतो.

हा विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे सीमाशुल्क. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या 'एफ्टा' गटाशी भारताचा व्यापार करार 10 मार्च 2024 रोजी झाला आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून तो लागू आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं 20 टक्के मूळ सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येईल.

म्हणजे किती वाचतील? समजा, घड्याळाची आयात किंमत 2 लाख रुपये आहे. फक्त मूळ सीमाशुल्क आणि 18 टक्के जीएसटी धरला तर आकडा 2 लाख 83 हजार 200 होतो. सीमाशुल्क गेलं तर 2 लाख 36 हजार. फरक 47 हजारांचा, पण तो पूर्ण मिळणार सात वर्षांनी. शिवाय कंपनी आणि दुकानदार तो सगळा तुमच्या खिशात टाकतीलच असं नाही. त्यामुळे 'आता घेऊनच टाका' छापाच्या रील्स बघून ईएमआय सुरू करायची घाई नको.

आता समुद्राकडे येऊ. महागड्या ड्रेस वॉचवर बहुतेकदा '30 मीटर' लिहिलेलं असतं. याचा अर्थ 30 मीटर खोल पोहता येतं, असा नाही! तो स्थिर पाण्यातल्या दाबाच्या चाचणीचा आकडा आहे. हात धुताना, पावसाचे थेंब पडले तर चालतं. नागावला लाटांत उतरायला नाही. चामडी पट्टा तर घाम आणि खाऱ्या पाण्यानेच खराब होतो. पाच-सात हजारांचं साधं जी-शॉक 200 मीटरचं असतं. पण प्रत्येक कॅसिओ तसं नसतं. लोकप्रिय एफ-91डब्ल्यूवर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' असतं, त्यामुळे तेही पोहताना काढून ठेवा.

वेळेच्या अचूकतेतही स्वस्त घड्याळच पुढे आहे. यांत्रिक स्विस घड्याळांसाठीच्या नामांकित 'सीओएससी' प्रमाणपत्राला दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची चूक चालते. साधं जी-शॉक महिन्याला 15 सेकंद चुकतं. मग लाखो रुपये कशाचे? हातकामाचे, नावाचे, आणि चावीवर चालणारं यंत्र पुढच्या पिढीला देता येतं याचे. हे खोटं नाही. फक्त दर काही वर्षांनी होणाऱ्या सर्व्हिसिंगच्या खर्चात एक नवं जी-शॉक येतं, हेही धरा.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट चंद्राची. लाँजिनसारख्या कंपन्यांच्या काही ड्रेस वॉचमध्ये चंद्रकला दिसतात. कोकणात चंद्र कळला की भरती कळते: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ आली. चतुर्थीला भरती 3 च्या सुमारास, म्हणजे ओहोटी 9 च्या आसपास. गंमत अशी की समुद्राचं गणित सांगू शकणारं ते घड्याळ घालून समुद्रात जाता येत नाही. कॅसिओच्या जीएलएक्स-5600 मध्ये चंद्र आणि भरती-ओहोटीचा आलेख दोन्ही आहेत, आणि तेही 200 मीटरचं आहे. आपल्या ठिकाणाची माहिती मात्र एकदा नीट भरावी लागते.

कोणतंही घड्याळ खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुवा. आणि कुलाबा किल्ल्यात चालत जाणार असाल तर तिथीचा हिशोब अंदाजाचाच समजा. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी फारसं उतरत नाही. परतायची वेळ किनाऱ्यावरच्या माणसांना विचारून मगच निघा.