काळाच्या माथी दोष नको

सभेच्या आरंभी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे आणि 'काळाने घाला घातला' असा दुखवट्याचा ठराव इतिवृत्तात नोंदवावा, ही आपल्या संस्थांची जुनी रीत. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे नाइट क्लबला आग लागून २५ जण मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी हेच शब्द आपल्या ओठी येतात. त्या शब्दांनाच माझी हरकत आहे.

दिल्लीचे 'उपहार' चित्रपटगृह आठवावे. १३ जून १९९७ रोजी तेथे 'बॉर्डर'चा दुपारचा खेळ चालू असताना तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. त्याच दिवशी सकाळीही तो पेटला होता. जुजबी दुरुस्ती करून पुन्हा सुरू करण्यात आला. धूर जिन्याने वर चढला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची एक वाट बुजवलेली होती. ५९ माणसे गेली, ती धुराने गुदमरून. यात काळ कोठे आला? खुर्च्या माणसांनी बसवल्या, तिकिटे माणसांनी विकली, परवानेही माणसांनीच दिले.

हे ओळखले ते मृतांच्या आप्तांनी. दोन्ही मुले गमावलेल्या एका दांपत्याच्या पुढाकाराने त्यांनी संघटना उभारली आणि दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक बंधूंना आणखी तुरुंगवास न देता ६० कोटी रुपयांचा दंड केला. तरीही हे आप्त थांबले नाहीत. शोक म्हणावा तो याला.

कोणी म्हणेल, दुःखाच्या घडीला दोषारोप शोभत नाहीत. मला मात्र कारण झाकणारा शोक हाच मृतांचा अनादर वाटतो.

दिल्लीकडे बोट दाखवून आपलीही सुटका नाही. गणेशोत्सवातील व्याख्यानाला वा नाटकाला गर्दी लोटली की आपल्याच सभागृहांत मधल्या वाटेत खुर्च्या मांडल्या जातात. विनातिकीट कोणी शिरू नये म्हणून मागील दाराला कुलूप लागते. अशाच खुर्चीवर बसून मीही टाळ्या वाजवल्या आहेत आणि कार्यकर्त्यांचे आभार मानले आहेत.

पुढील सभेत दोन मिनिटे अवश्य उभे राहू. परंतु त्याआधी वाटेतील खुर्च्या उचलाव्यात, मागील दाराचे कुलूप काढावे, आणि इतिवृत्तात तेही नोंदवावे.