आजी गाडीतून उतरल्या



तोरणमाळच्या यात्रेची गोष्ट सांगायची कधीची राहून जात होती. आज सांगतेच.

तोरणमाळ तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलं असेल. नंदुरबार जिल्हा, सातपुडा पर्वत, थंड हवेचं ठिकाण. झाला एक गुण! पण आमच्या खानदेशात तोरणमाळ म्हटलं की थंड हवा नंतर आठवते, आधी आठवते महाशिवरात्रीची यात्रा. वर गोरक्षनाथांचं मंदिर आहे. गोरक्षनाथ म्हणजे मच्छिंद्रनाथांचे शिष्य. त्यांनी इथे तप केलं अशी लोकांची श्रद्धा आहे. आपल्या बाजूने, मध्य प्रदेशातून, गुजरातेतून माणसं डोंगर चढून येतात. कित्येकजण अनवाणी. डोक्यावर गाठोडं, खांद्यावर पोर.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या मुलांच्या आजी, पूर्वी शहाद्याहून पायी जायच्या. पन्नासेक किलोमीटर वाट. पुढे गुडघे कुरकुरू लागले, डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितलं आणि आजी दोन वर्षं घरीच बसल्या. त्या दिवशी धड जेवायच्या नाहीत, धड बोलायच्या नाहीत. म्हणून २०२५ च्या महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, आम्ही ठरवलं, आजींना गाडीने न्यायचं. कशी मजा! पाय दुखायचे नाहीत आणि दर्शनही होईल. ही कल्पना माझीच होती बरं का, आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

पहाटे नंदुरबारहून निघालो. प्रकाशाला तापी ओलांडली, शहाद्यात चहा घेतला, म्हसावद मागे पडलं. धाकटी खिडकीत बसून पायी जाणारे मोजत होती. पाचशेच्या पुढे तिचा हिशेब चुकला. आजी मात्र गप्प. एकदा फक्त म्हणाल्या, "काच खाली कर." मला वाटलं, त्यांना गरम होतंय.

राणीपूर सोडलं की डोंगर अंगावर येतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर उंच. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे खाली घाम पुसणारा माणूस वर शाल शोधतो. थोरल्याला मी हे समजावत होते, तेवढ्यात त्याच्या कानांना दडे बसले आणि माझा पाठ तिथेच संपला.

मग आला सातपायरीचा घाट. वळणावर वळण. पुढे जीप, टेम्पो, मोटरसायकली यांची रांग लागलेली. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती आणि तापमानाचा काटा लाल खुणेकडे चालला होता. गाडी पळते तेव्हा समोरच्या वाऱ्याने रेडिएटर थंड होतो. रखडत चढताना वारा कुठून येणार? मुलांच्या बाबांनी हीटर पूर्ण लावला! इंजिनाची थोडी उष्णता त्याने बाहेर निघते. इंजिन जरा निवलं, पण आत आम्ही भाजून निघालो. शेवटी गाडी कडेला घेतलीच. (इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं.)

तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आजी खाली उतरल्या होत्या. चपला गाडीतच.

"तुम्ही या गाडीमा. मी पायी जासू."

बाबा चिडले. "आई, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस का?" आजी म्हणाल्या, "नाही इसरनू." आणि चालू लागल्या. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, पाण्याची बाटली उचलली आणि ती आजींच्या मागे पळाली. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक काही मारली नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

आम्ही वर पोहोचायला दीड तास लागला. मंदिराजवळ ही गर्दी! मोबाईलला रेंज नाही. साठी उलटलेली बाई आणि चौथीतली मुलगी, कुठे शोधायची? थोरला एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने. मी शाळेत सहलीला निघताना मुलांना दहा वेळा सांगते, "चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा." आणि स्वतः? काही ठरवलं नव्हतं. माझ्या पोटात नुसता गोळा आला होता.

शेवटी थोरल्याला दोघी दिसल्या, यशवंत तलावाच्या काठी. आजी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. शेजारी एक पावरा कुटुंब भाकरी सोडून बसलेलं. घाटात आजींचा गुडघा धरला, तेव्हा त्या घरातल्या बाईने आजींना आपल्या हाताचा आधार दिला होता. ती तिच्या बोलीत बोलत होती, आजी अहिराणीत, आणि दोघींचं छान चाललं होतं. धाकटीची बाटली त्यांच्या लहानग्याने रिकामी केली होती.

बाबा काहीच बोलले नाहीत. गाडीकडे गेले आणि आजींच्या चपला घेऊन आले.

दर्शन झालं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये हळूहळू उतरलो. सारखा ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. या खेपेला आजी खिडकीपाशी बसल्या आणि कुठे बसून भाकरी खाल्ली, कुठे पाणी मिळालं, कोणत्या वळणावर कोण दमलं, सगळं सांगत राहिल्या.

आता पुढचं. आजींचा गुडघा सुजला. चार दिवस अंथरूण. डॉक्टर रागावले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी मिठाच्या पाण्याने शेकत होते तेव्हा न राहवून विचारलं, "गाडीने गेलो असतो तर काय बिघडलं असतं?"

आजी म्हणाल्या, "तू नेलंस ना, मग मी गेले कुठे?"

चालताना नातीला आजींनी काय काय सांगितलं ते मात्र धाकटी अजून सांगत नाही. विचारलं की म्हणते, "ते चालणाऱ्यांचं आहे."

तुमच्या घरचं कोणी पायी यात्रेला जातं का? कुठल्या डोंगरावर, आणि वाटेत मुक्काम कुठे करतात? त्यांनाच विचारून लिहा. पत्रावर इयत्ता आणि गावाचं नाव घालायला विसरू नका, मागच्या वेळी तिघांनी घातलं नव्हतं!

तुमच्या बाई