वारशाची जावा आणि तिचे खरे मोल

१/
घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तते आणि यथावकाश वाटणीची बोलणी सुरू होतात. जमीन, दागिने, ठेवी यांचे आकडे कागदावर उतरतात. पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी मोटारसायकल मात्र कोणाच्याच यादीत नसते. मग एके दिवशी भंगारवाला दाराशी येतो, वजनाचा भाव सांगतो आणि साठ वर्षांचा एक साक्षीदार घराबाहेर पडतो. अशा वाहनाची किंमत काढणे हे मुळात इतिहासाचे काम आहे. ‘जावा’च्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

२/
‘जावा’ हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून घडले. चेकोस्लोव्हाकियातील उद्योजक फ्रांतिशेक यानेचेक यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क मिळवले आणि १९२९ मध्ये पहिली जावा रस्त्यावर आली. भारतात रुस्तुम व फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ उभी केली. १९६१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. कारखान्याचे उद्घाटन म्हैसूरचे तत्कालीन राज्यपाल जयचामराजेंद्र वाडियार यांनी केले होते.

३/
१९७३ पासून याच कारखान्याच्या गाड्या ‘येझदी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. हा कालक्रम किंमत काढणाऱ्याच्या हातातील पहिली फूटपट्टी होय. टाकीवरचा बिल्ला बदलणे सोपे असते, नोंदणीचा दिनांक बदलणे तितके सोपे नसते. टाकीवर ‘जावा’ आणि नोंदणी मात्र ऐंशीच्या दशकातली, असा विसंवाद दिसला तर आधी खुलासा शोधावा, भाव नंतर ठरवावा.

४/
दुसरी पायरी ओळख पटवण्याची. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. मधल्या काळात इंजिन बदलले गेले असेल, तर गाडी टाकाऊ ठरत नाही. पण मूळ इंजिनासह टिकलेल्या गाडीचा भाव तिला मागता येत नाही. पोथीचा अभ्यासक मूळ पाठ आणि प्रक्षिप्त मजकूर वेगळा करतो, तेच हे काम.

५/
तिसरी पायरी अस्सलपणाची. जुन्या २५० सीसी जावाची खूण म्हणजे एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि गिअर व किक यांसाठी एकच दांडा. हे सारे मूळचे आहे का? टाकीवरचा क्रोम, मडगार्ड, दिवा, वेगमापक जागेवर आहेत का? या भागांची नक्कल बाजारात मिळते. मूळ भाग एकदा भंगारात गेला की परत येत नाही.

६/
येथेच सर्वांत मोठी चूक घडते. विकण्याआधी ‘जरा चकचकीत करून घेऊ’ म्हणून वारसदार गाडी रंगवून घेतात. फिकट झालेला कारखान्यातला रंग खरवडला जातो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. जाणता ग्राहक नव्या रंगाखाली काय लपले असेल, या शंकेने उलट भाव पाडतो. धूळ पुसावी, छायाचित्रे काढावीत, सुटे भाग एका खोक्यात जपावेत. त्यापलीकडे हात लावू नये.

७/
चौथी पायरी कागदपत्रांची. मालक मृत झाल्यास तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवून, तीन महिन्यांच्या आत ‘फॉर्म ३१’ द्वारे वारसाच्या नावे हस्तांतरासाठी अर्ज करावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. अनेक घरांत आजोबांचेच नाव दशकानुदशके राहते. अशा गाडीला ग्राहक मिळतो, पण कागदांची जोखीम तो किमतीतून वजा करतो.

८/
१५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार नसलेली वाहने तीस पात्र ठरतात. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र असे वाहन रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणजे अस्सलपणाला आता कायद्याचेही वजन आले आहे.

९/
आता हिशोब. समजा, तशाच मॉडेलची चालू आणि पूर्ण गाडी प्रत्यक्षात १,५०,००० रुपयांना विकली गेली. (जाहिरातीत मागितलेली रक्कम ही इच्छा असते, व्यवहारात मोजलेली रक्कम ही किंमत.) दारातली गाडी बंद आहे, अनुभवी मेकॅनिक ६०,००० रुपयांचा खर्च सांगतो. उघडल्यावर निघणाऱ्या दोषांसाठी आणि कागदांसाठी १५,००० रुपये धरले, तर उरतात ७५,०००. आकडे काल्पनिक आहेत, रीत खरी आहे. मॉडेल तेच आणि अवस्था तुलनीय, अशा दोन-तीन व्यवहारांशी ताडून पाहिल्यावरच रक्कम निश्चित करावी.

१०/
हा आकडा ग्राहकासाठी जितका, तितकाच भावंडांसाठी आवश्यक आहे. एकाला गाडी ठेवायची असते, दुसऱ्याला पैसे हवे असतात. आकडा नसला की ठेवणारा फुकट घेतल्याचा आळ सोसतो आणि विकणारा बापाची आठवण विकल्याचा. तटस्थ मूल्यांकन झाले, तर ठेवणारा इतरांचा वाटा चुकता करतो आणि गाडीवरून नाती तुटत नाहीत.

११/
वारशाची वस्तू विकूच नये, असा एक पक्ष आहे. त्यातील भावना आदरणीय आहे, पण तो अपुरा आहे. पावसाळ्यामागून पावसाळे पडवीत उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते, इंजिन जाम होते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ‘जावा-येझदी दिना’ला आपली गाडी अभिमानाने बाहेर काढणाऱ्याच्या हाती ती गेली, तर तिचे आयुष्य वाढते. विक्री हा वारशाशी द्रोह नाही. अज्ञानाने केलेली विक्री मात्र वारशाची हानी आहे.

१२/
म्हणून विकण्यापूर्वी एक टिपण लिहावे : गाडी कोणी घेतली, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी, तिने कोणाला कोठे नेले. जुनी पावती आणि एखादे छायाचित्र त्यास जोडावे. एक प्रत ग्राहकास द्यावी, एक घरात ठेवावी. लोखंड नव्या घरी जाईल. तिची कहाणी मात्र दोन्ही घरांत राहील.

(समाप्त)