ताजच्या शेजारची घरे

अपोलो बंदरावर, रेडिओ क्लबजवळ, नवी प्रवासी जेट्टी बांधण्यास मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०२५ रोजी मुभा दिली. परिसरातील रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या गेल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये हस्तक्षेप करण्यास नकार दिला, आणि विषय संपला असे बहुतेकांनी धरून चालले. आम्हांला मात्र त्या निकालातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. आराखड्यात ज्या जागेला ‘ॲम्फिथिएटर’ म्हटले होते, ती जागा केवळ बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना बसण्यासाठी वापरावी, तेथे करमणुकीचे कार्यक्रम होऊ नयेत, असे न्यायालयाने बजावले. ज्याला ‘कॅफे’ आणि ‘रेस्टॉरंट’ म्हटले होते, तेथे प्रवाशांना पाणी आणि वेष्टनबंद खाद्यपदार्थ मिळावेत, टेबले मांडून जेवणावळी होऊ नयेत, अशीही अट घातली. आराखड्यातला एक खांब इकडचा तिकडे झाला नाही. फक्त दोन-तीन शब्दांचे अर्थ आवळले गेले.

हे संपादनच होते, असे आम्ही म्हणू. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी नगररचनेच्या भानगडीत पडावे काय, असे कुणी विचारील. पडावे, असे आमचे मत आहे. कारण नगररचना हा व्याख्यांवर चालणारा व्यवहार आहे. विटा आणि सिमेंट फार नंतर येतात. आधी ‘निवासी’, ‘वाणिज्य’, ‘पूरक वापर’, ‘किरकोळ फेरबदल’ असे शब्द येतात, आणि कुणाच्या खिडकीखाली रात्री अकरा वाजता ध्वनिवर्धक लागणार हे त्या शब्दांतच ठरून गेलेले असते. शब्दांचे अर्थ तपासणे हेच ज्यांचे काम, त्यांनी येथे मौन धरण्याचे कारण दिसत नाही.

जागा बहुतेकांच्या परिचयाची आहे. गेटवे ऑफ इंडियाकडे पाठ करून उभे राहिले की समोर ताजमहाल हॉटेल. त्याच्या डाव्या अंगाने, म्हणजे दक्षिणेकडे, समुद्राला लागून जाणारा रस्ता. त्याचे आजचे नाव पी. जे. रामचंदानी मार्ग, जुने नाव स्ट्रँड रोड. एका बाजूला समुद्राची बुटकी भिंत, दुसऱ्या बाजूला राहत्या इमारती. गेटवेपासून सुमारे २८० मीटरवर ही जेट्टी व्हायची आहे. खर्च सुमारे २२९ कोटी रुपये, आणि दीडशेच्या आसपास मोटारी उभ्या करण्याची सोय. किनाऱ्यावरची भिंत एका ठिकाणी तोडून तेथून वाट काढायची, आणि पाण्यात खांब रोवून त्यांवर सुमारे दीड एकराचा चौथरा उभारायचा. म्हणजे जेथे काल पाणी होते तेथे उद्या जमीन असेल. आणि ती कोणत्या वापराची, हे समोरच्या घरांत राहणाऱ्यांना विचारून ठरलेले नसेल.

येथे कायद्याची एक गंमत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात ‘किरकोळ फेरबदल’ करायचा झाला, तरी राजपत्रात सूचना द्यावी लागते आणि एक महिन्यात लोकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवाव्या लागतात. नकाशावर पिवळ्या रंगाचा निवासी तुकडा निळ्या रंगाचा, म्हणजे वाणिज्य, करायचा तर शेजाऱ्याला निदान बोलण्याची एक खिडकी उघडी असते. ती खिडकी पुष्कळदा नावापुरतीच असते, हेही खरे. पाण्याला मात्र असा रंग नसतो. तेथे किनारा नियमनाच्या अधिसूचनेतले वर्ग लागू होतात आणि परवानग्यांची वाट निराळी होते. आमची जाहीर सुनावणीच झाली नाही, हा रहिवाशांच्या तक्रारीचा गाभा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कायद्याच्या अक्षरात न्यायालय बरोबर असेलही. पण पाण्यावर घातलेल्या चौथऱ्याचा आवाज, उजेड आणि मोटारी अखेर जमिनीवरच्या घरांतच येणार, एवढे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

रहिवाशांची बाजू निष्कलंक आहे असा आमचा दावा नाही. मे २०२५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले तेव्हा तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी, सांडपाणी प्रकल्प सर्वांनाच हवा असतो पण माझ्या घरामागे नको असतो, अशा आशयाची टिप्पणी केली होती. तो चिमटा अस्थानी नव्हता. मांडव्याला, एलिफंटाला जाणारे लोक आज गेटवेच्या ओल्या, निसरड्या पायऱ्यांवरून, हलत्या बोटीत पाय टाकून चढतात. त्यांत अलिबागेकडची नोकरदार माणसे आहेत, म्हाताऱ्याकोताऱ्या आहेत, कडेवर मूल घेतलेल्या बाया आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगबोट धडकली आणि माणसे बुडाली, ते या शहराने पाहिले आहे. त्या अपघाताचे कारण जेट्टी नव्हती. पण जलप्रवासाची व्यवस्था किती डळमळीत आहे हे त्या दिवशी सर्वांना कळले. धड जेट्टी हवी, यात वाद नाही. आणि बंदरावर बोटी नकोत असे म्हणणे तर हास्यास्पदच ठरेल. अपोलो या रुबाबदार ग्रीक नावाच्या आत ‘पालवा’ हे इथलेच नाव दडले आहे. त्याची व्युत्पत्ती कोणी माशाशी लावतात, कोणी होडीशी. काहीही असले, तरी पाण्याशीच. गेटवेची कमान उभी राहण्यापूर्वी तेथे कोळ्यांच्या उपयोगाचा साधा धक्का होता. १९२४ साली ती खुली झाली.

ताजदेखील काही अनादिकालापासून तेथे नव्हते. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्या आराखड्यानुसार काम सुरू झाले, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले आणि १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडले. (वॉटसन्स हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट आपण सारेच आवडीने सांगतो, तिला भक्कम पुरावा नाही.) शेजारी ग्रीन्स नावाचे जुने हॉटेल होते. ते पाडून १९७० च्या दशकात ताजचा मनोरा त्या जागी उभा राहिला. आज ज्याच्या दर्शनी रूपाची आपण जपणूक करतो, त्यानेच एकदा शेजारचे जुने गिळले आहे. तेव्हा ‘जसे होते तसेच राहू द्या’ हा युक्तिवाद या बंदरावर टिकत नाही. येथे ‘जसे होते’ असे काही कधी फार दिवस नव्हतेच.

मग आक्षेप कशाला? आक्षेप असा, की जपायचे काय हे ठरवताना आपण दर्शनी भिंत पाहतो आणि वापर पाहत नाही. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियम आले. आजच्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे २०३४ च्या आराखड्याच्या नियमावलीत, ते नियम ५२ म्हणून आहेत. त्यांनी शहरावर उपकार केले यात शंका नाही. पण त्यांची नजर मुख्यतः दगडावर असते. कमान, सज्जा, घुमट, छपराचा उतार. ताजच्या इमारतीच्या रूपाची तर २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. त्या घुमटाला आता कायद्याने चेहरा आहे. समोरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर तीन पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला असा चेहरा नाही. वारशाच्या भाषेत ते कुटुंब ‘परिसर’ या शब्दात येते.

दगड राखून वापर गमावणे म्हणजे काय, हे काळा घोड्याला जाऊन पाहता येते. अरुण कोलटकरांचा ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वेसाईड इनमध्ये बसून ते तो चौक न्याहाळत, ते उपाहारगृह केव्हाच बंद झाले. चौक आहे, वारसा परिसराची पाटीही आहे. पण एका कपावर तासन्‌तास बसून रस्त्याकडे पाहण्याची मुभा कोणत्याही श्रेणीत बसत नव्हती, म्हणून तिचे रक्षण झाले नाही. तेथून हाकेच्या अंतरावर वॉटसन्स हॉटेल, आजचे एस्प्लनेड मॅन्शन. लोखंडी सांगाड्याची ही इमारत एकोणिसाव्या शतकातली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ तेथेच झाला. हॉटेल गेल्यावर तिच्यात वकिलांच्या कचेऱ्या, दुकाने आणि काही बिऱ्हाडे आली. वारसा यादीत तिचे नाव होते, म्हणून कोणी पाडली नाही. आणि भाडे तुटपुंजे, मालक उदासीन, म्हणून कोणी धड दुरुस्तही केली नाही. २००५ साली सज्जांचा भाग कोसळून जीवितहानी झाली. २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. ऐतिहासिक हॉटेल आणि घरे अशी दोन्ही ओझी एकाच इमारतीवर होती; त्यांतले घरांचे ओझे आधी उतरवले गेले.

ताजच्या आसपास राहणाऱ्यांनी २००८ नंतर आणखी एक गोष्ट पाहिली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हॉटेलाभोवतीच्या रस्त्याचा आणि पदपथाचा काही भाग कुंड्या व अडथळे ठेवून बंद झाला. सुरक्षा आवश्यकच होती. तिची थट्टा करावी इतके आम्ही निर्ढावलेले नाही. पण ती तात्पुरती व्यवस्था वर्षानुवर्षे राहिली आणि त्या जागेच्या शुल्काचा वाद महापालिकेच्या स्थायी समितीपर्यंत पोहोचला. ‘तात्पुरता’ या विशेषणाचे नगररचनेत काय होते, ते यावरून कळावे.

म्हणूनच उच्च न्यायालयाने घातलेल्या अटींचे आम्हांला समाधानही आहे आणि भयही. अट म्हणजे कागदावरचे वाक्य. त्याचे पुढे काय होऊ शकते, याचा धडा गोव्यात एका हॉटेलानेच दिलेला आहे. पणजीजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावरील हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादित केली, तेव्हा लोकांची समुद्राकडे जाण्याची वाट अडवायची नाही अशी अट करारात होती. पुढे हॉटेलाच्या वाढीव बांधकामाने ती वाट अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००९ च्या जानेवारीत न्यायालयाने, किनारा ही शासनाने लोकांच्या वतीने सांभाळायची ठेव आहे हे तत्त्व मांडून, ते बांधकाम पाडण्याचा आदेश कायम केला. न्याय झाला, असे वाटते ना? त्याच वर्षी गोव्यात भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवण्यात आले, आणि २०१६ साली ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयात वैधही ठरली. अट मोडली गेली ती अशी. कोणी भिंत ओलांडली नाही, व्याकरणच बदलले.

गोव्याने आणखी एक शब्द दिला आहे, तो आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. २०२३ मध्ये तेथील नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. प्रादेशिक आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याची ती तरतूद. तिचा आधार घेऊन शेतजमिनींचे आणि हिरव्या पट्ट्यांचे तुकडे एकामागून एक वसाहतीयोग्य ठरू लागले. शेत हे शेत म्हणून नोंदले गेले, हीच ‘चूक’ ठरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम व मार्गदर्शक सूचना रद्द केल्या आणि कलमाचा अर्थही संकुचित केला. न्यायमूर्तींनी तेथे जे केले ते उत्तम शब्दार्थ-परीक्षण होते. आमच्या कित्येक समीक्षकांनी त्यातून शिकावे. असो.

अपोलो बंदरावर आता करण्यासारखे काय उरले आहे? जेट्टी थांबवा, हे म्हणण्याची वेळ गेली, आणि तसे म्हणावे असे आमचे मतही नाही. नवी जेट्टी सुरू झाल्यावर गेटवेजवळच्या जुन्या जेट्ट्यांवरील प्रवासी वाहतूक टप्प्याटप्प्याने बंद करावी, अशीही न्यायालयाची सूचना आहे. ती पाळली गेली तर गेटवेसमोरचा कोंडमारा कमी होईल, आणि हे रहिवाशांच्याही हिताचेच आहे. पण पूरक वापराच्या अटी केवळ निकालपत्रात राहून चालणार नाहीत. जेट्टी चालवण्याचे कंत्राट ज्याला मिळेल त्याच्या करारात त्या शब्दशः उतरल्या पाहिजेत. निविदेत ‘ॲम्फिथिएटर’ हा शब्दच असता कामा नये. कारण आज शब्द राहिला की दहा वर्षांनी कोणी तरी त्याचा मूळ अर्थ मागायला येतो. कंत्राटदार म्हणेल, नुसत्या तिकिटांत परवडत नाही, शनिवारी एखादी मैफल होऊ द्या. मैफलच ती, संगीताला नाही म्हणणारे आपण कोण? अशाच गोड भाषेत तो अर्ज येईल. त्या वेळी वापर बदलायचा झाला, तर जमिनीवरच्या किरकोळ फेरबदलासाठी जेवढी नोटीस लागते तेवढी तरी पाण्यावरच्या चौथऱ्यासाठी लागावी. राजपत्रात सूचना, एक महिन्याची मुदत, समोरच्या घरांच्या हरकती.

आणि त्या पायऱ्यांपाशी एक फलक असावा. मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ही जागा प्रवाशांना बसण्यासाठी आहे. येथे कार्यक्रम करण्यास उच्च न्यायालयाच्या दिनांक १५ जुलै २०२५ च्या निकालानुसार मनाई आहे. उल्लंघन झाल्यास कोणत्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, त्याचे पदनाम खाली.